दिसलेला वाघ आणि न दिसलेला वाघ

मे महिना लागला की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गावांत तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. पहाटेच माणसे जंगलात शिरतात. पाने खुडण्यासाठी खाली वाकावे लागते, झुडपांत शिरावे लागते. ऊन चढण्यापूर्वी पाने घरी आणायची, सावलीत बसून ७०-७० पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर नेऊन द्यायचे. थोड्या दिवसांच्या या कामातून अनेक कुटुंबांना रोख पैसा मिळतो, म्हणून ते टाळता येत नाही. त्याच जंगलात वाघ असतो. महाराष्ट्रातील सर्वाधिक वाघ चंद्रपूर जिल्ह्यात आहेत आणि त्यांतील बरेचसे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर, शेतांच्या व गावांच्या आसपास वावरतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या.

या परिसरात राहणाऱ्या माणसाच्या शरीराला दोन वेगवेगळ्या प्रसंगांना तोंड द्यावे लागते. पहिला प्रसंग म्हणजे वाघ समोर दिसणे. तो काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा असतो. दुसरा प्रसंग म्हणजे वाघ न दिसणे, पण तो जवळपास आहे हे ठाऊक असणे. हा प्रसंग आठवडे, महिने चालू शकतो. दोन्ही वेळी शरीरात वापरली जाणारी यंत्रणा बहुतांशी एकच असते. मात्र पहिल्या प्रसंगी ती जीव वाचवते आणि दुसऱ्या प्रसंगी तीच हळूहळू शरीर झिजवते. हे कोडे उलगडायला शरीरक्रियाशास्त्राला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांची ही गोष्ट आहे.

कॅनन यांची मांजरे

१८९५ च्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन हा वैद्यकाचा विद्यार्थी त्यांच्या साहाय्याने अन्नपचन पाहू लागला. मांजराला बिस्मथचा क्षार मिसळलेले अन्न द्यायचे आणि जठराच्या लाटांसारख्या हालचाली पडद्यावर पाहायच्या, असा हा प्रयोग होता. कॅनन यांच्या लक्षात आले की मांजर शांत असते तेव्हा या हालचाली नियमित चालतात. ते चिडले किंवा घाबरले की त्या एकदम थांबतात. ते पुन्हा शांत झाले की पचन पूर्ववत सुरू होते. भावनेचा पोटाशी असा थेट संबंध का असावा?

त्या सुमारास अधिवृक्क ग्रंथींविषयीचे संशोधन जोरात होते. प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ही छोटी ग्रंथी. तिच्या गाभ्यातील रसाने रक्तदाब झपाट्याने वाढतो हे १८९४-९५ मध्ये इंग्लंडमध्ये दिसून आले होते आणि १९०१ साली जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने त्यातील शुद्ध द्रव्य वेगळे करून त्याला ॲड्रेनॅलिन असे नाव दिले होते. १९११ मध्ये कॅनन आणि त्यांचे सहकारी दे ला पाझ यांनी एक साधा पण नेमका प्रयोग केला. शांत बसलेल्या मांजराच्या रक्ताचा नमुना घेतला. मग त्याच मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि पुन्हा रक्त घेतले. ॲड्रेनॅलिन ओळखण्यासाठी त्यांच्याजवळ आजची उपकरणे नव्हती. त्यांनी आतड्याच्या स्नायूची एक पट्टी टांगून ठेवली होती. शांत मांजराच्या रक्तात ती पट्टी आकुंचन-प्रसरण पावत राहिली, घाबरलेल्या मांजराच्या रक्तात ती सैल पडली. भीतीबरोबर ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते याचा तो पुरावा होता.

१९१५ मध्ये कॅनन यांनी आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. वेदना, भूक, भीती आणि क्रोध या अवस्थांत होणारे शारीरिक बदल विस्कळीत नसतात, ते सगळे मिळून शरीराला लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज करतात, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. या पुस्तकात त्यांनी भारतातील तांदळाच्या दिव्याचाही उल्लेख केला आहे. संशयितांना मंत्रवलेले तांदूळ चघळून थुंकायला लावीत. ज्याचे तांदूळ कोरडेच राहत तो दोषी ठरे. भीतीने लाळ आटते हे निरीक्षण त्यामागे होते. अर्थात निरपराध माणसालाही भीती वाटू शकते, म्हणून न्यायाचे साधन म्हणून ही पद्धत अगदीच कुचकामी होती!

पहिली काही मिनिटे

वाघ समोर दिसला की काय होते ते आता पाहू. धोक्याची सूचना मेंदूतील अमिग्डला या भागाकडून हायपोथॅलॅमसकडे जाते. तेथून अनुकंपी चेतासंस्थेमार्फत शरीरभर आदेश सुटतात आणि अधिवृक्क ग्रंथींचा गाभा ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन रक्तात सोडतो. हे सारे विचार पूर्ण होण्याच्या आत घडते.

मराठी भाषेने या बदलांची यादी प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी करून ठेवली आहे. वर्गात शिकवताना हे वाक्प्रचार फळ्यावर लिहून त्यांची कारणे विद्यार्थ्यांना शोधायला सांगावीत. छाती धडधडते, कारण स्नायूंना अधिक रक्त पुरवण्यासाठी हृदयाचे ठोके जलद व जोरकस होतात. तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो, कारण पचनाचे काम तूर्त स्थगित होते. हातपाय गार पडतात आणि चेहरा पांढराफटक पडतो, कारण त्वचेतील रक्तवाहिन्या आकसून तेथील रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. अंगावर काटा येतो, कारण केसांच्या मुळाशी असलेले सूक्ष्म स्नायू आकुंचन पावतात. अंगावर दाट केस असलेल्या प्राण्यांत यामुळे शरीर मोठे दिसते. डोळे विस्फारतात, कारण बाहुल्या रुंदावतात. घाम फुटतो, आणि तापणाऱ्या शरीराला थंड ठेवण्याची सोय आधीच होते.

काही बदल जाणवत नाहीत, पण तेही तितकेच महत्त्वाचे असतात. श्वासनलिका रुंदावतात. यकृतातील ग्लायकोजेनपासून ग्लुकोज तयार होऊन रक्तात येते. रक्त गोठण्याची क्रिया जलद होते, म्हणजे जखम झालीच तर रक्तस्राव कमी व्हावा. ॲड्रेनॅलिनचे आयुष्य फार थोडे असते. रक्तातील त्याचे प्रमाण दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येते. संकट टळले की परानुकंपी चेतासंस्था सूत्रे हाती घेते आणि थोड्या वेळात शरीर मूळ स्थितीवर येते. ही सगळी उसनवारी आहे. पचन, वाढ, दुरुस्ती, पुनरुत्पादन अशा दीर्घकालीन कामांकडून ऊर्जा उसनी घेऊन ती या क्षणी स्नायूंना दिली जाते. उसने लगेच फेडले तर काही बिघडत नाही.

सेल्ये यांचे उंदीर

उसनवारी फिटलीच नाही तर काय होते याचा पहिला धागा दुसऱ्याच शोधाच्या निमित्ताने हाती आला. कॅनडातील माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये हे तरुण संशोधक उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचून एखादे नवे संप्रेरक सापडते का ते पाहत होते. उंदरांत तीन बदल दिसले. अधिवृक्क ग्रंथीचे बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, सुजला होता. थायमस आणि लसिका ग्रंथी आक्रसल्या होत्या. जठरात व्रण पडले होते. नवे संप्रेरक सापडले असे त्यांना वाटले. पण मूत्रपिंडाचा अर्क टोचला तरी तेच, आणि फॉर्मॅलिन टोचले तरी तेच! तेव्हा हा परिणाम अर्कातील एखाद्या विशिष्ट द्रव्याचा नसून कोणत्याही अपायाला शरीराने दिलेला तो समान प्रतिसाद आहे, असे त्यांनी ओळखले. कडाक्याची थंडी, जखम, अतिश्रम, विषारी औषधे यांनीही तेच तीन बदल घडत होते. ४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’ साप्ताहिकात त्यांचे याविषयीचे छोटेसे पत्र प्रसिद्ध झाले.

या प्रतिसादाच्या तीन अवस्था सेल्ये यांनी सांगितल्या. प्रथम धोक्याचा इशारा, मग प्रतिकार, आणि अपाय चालूच राहिला तर थकवा व मृत्यू. त्या पत्रात ‘स्ट्रेस’ हा शब्द नव्हता. तो त्यांनी पुढे पदार्थविज्ञानातून घेतला. आपल्या पाठ्यपुस्तकांत वस्तूवर येणाऱ्या अशा बलाला ‘प्रतिबल’ आणि त्यामुळे होणाऱ्या आकारबदलाला ‘विकृती’ म्हणतात. सेल्ये यांना खरे तर दुसरा अर्थ अभिप्रेत होता आणि शब्दांची ही गल्लत त्यांनी पुढे मान्यही केली. मराठीतील ‘ताण’ हा शब्द मात्र कारण आणि परिणाम दोन्ही पोटात घेतो.

अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातील संप्रेरकांपैकी आपल्या दृष्टीने मुख्य ते कॉर्टिसॉल. रक्तातील त्याची पातळी ताण सुरू झाल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखर गाठते आणि नंतर सावकाश उतरते. ते रक्तातील साखर चढती ठेवते, त्यासाठी गरज पडल्यास स्नायूंतील प्रथिनेही मोडते आणि दाह व प्रतिकारशक्ती यांना आवर घालते. त्याच कुळातील कॉर्टिसोन हे द्रव्य १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णांना प्रथम देण्यात आले. अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले. केंडॉल, राइखश्टाइन आणि हेंच यांना या संशोधनाबद्दल १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण हीच औषधे मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांत चेहरा सुजणे, पोटावर चरबी चढणे, साखर व रक्तदाब वाढणे, हाडे ठिसूळ होणे, वारंवार जंतुसंसर्ग होणे असे परिणाम दिसले. कॉर्टिसॉल सतत चढे राहिले तर काय होऊ शकते, याचा नमुनाच त्यामुळे डॉक्टरांसमोर आला.

थांबवण्याची व्यवस्था

शरीराने ही यंत्रणा सुरू करण्याबरोबरच ती थांबवण्याचीही सोय केली आहे. हायपोथॅलॅमस एक संप्रेरक सोडतो; त्याचा रासायनिक उलगडा वायली व्हेल यांच्या गटाने १९८१ मध्ये केला. त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दुसरे संप्रेरक सोडते आणि त्याच्या आदेशाने अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करते. हे कॉर्टिसॉल मेंदूत पोहोचले की पहिल्या दोन्ही टप्प्यांना लगाम बसतो. पाण्याची टाकी भरली की तरंगता गोळा वर येऊन नळ बंद करतो, तसाच हा प्रकार.

१९६८ मध्ये ब्रूस मॅक्युएन यांनी दाखवले की उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग या संप्रेरकाला विशेषत्वाने पकडून ठेवतो. हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या स्मृती घडवणारा भाग. शिवाय ताणाच्या यंत्रणेला लगाम घालण्यातही त्याचा हात असतो. पुढील प्रयोगांत असे दिसले की ताण फार काळ चालला तर प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखडतात. म्हणजे लगाम धरणारा हातच दुबळा होतो. मॅक्युएन आणि स्टेलर यांनी १९९३ मध्ये या सगळ्या साचत जाणाऱ्या झिजेला एक नाव दिले. मराठीत त्याला ‘साचलेला भार’ म्हणता येईल. उच्च रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, निद्रानाश, अनियमित मासिक पाळी, मुलांची खुंटलेली वाढ यांत या भाराचा वाटा असू शकतो. एकटा ताण हे या रोगांचे कारण क्वचितच असते; आहार, आनुवंशिकता, जंतू हेही असतात. जठरव्रणाचेच उदाहरण घ्या. सेल्ये यांच्या उंदरांमुळे तो ताणाचा रोग समजला जाई. पण माणसातील बहुतेक जठरव्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू किंवा काही वेदनाशामके असतात. हा जीवाणू शोधल्याबद्दल मार्शल आणि वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले.

न दिसलेला वाघ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सेल्ये यांच्या मते शरीराला होणारा कोणताही अपाय ताण निर्माण करतो. १९७० च्या सुमारास जॉन मेसन यांनी या मताला छेद दिला. माकडांना उपाशी ठेवले की त्यांचे कॉर्टिसॉल वाढते. पण शेजारची माकडे खाताना दिसणार नाहीत अशी व्यवस्था केली आणि पोषणमूल्य नसलेल्या, पण चवीला तशाच गोळ्या दिल्या, तेव्हा ते वाढले नाही. शरीर उपाशीच होते, आपण उपाशी आहोत ही जाणीव मात्र नव्हती. म्हणजे अपायाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मेंदूने त्याचा काय अर्थ लावला याला आहे.

त्याच काळात जे वाइस यांनी उंदरांवर आणखी एक प्रयोग केला. दोन उंदरांच्या शेपटीला सारख्याच तीव्रतेचे, सारख्याच संख्येने विजेचे झटके दिले. एका उंदराला प्रत्येक झटक्याआधी आवाजाची सूचना मिळे. दुसऱ्यालाही आवाज ऐकू येई, पण त्याचा झटक्याशी काही मेळ नसे. सूचना न मिळणाऱ्या उंदराला जठरव्रण कितीतरी जास्त झाले. सूचना मिळणाऱ्या उंदराला आवाज नसतानाच्या वेळात विसावा मिळत होता. दुसऱ्याला तसा सुरक्षित क्षणच उरला नव्हता.

ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील वडसा वनक्षेत्रात ‘सीटी-१’ या क्रमांकाचा वाघ वन विभागाने बेशुद्ध करून पकडला. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून १३ माणसे त्याने मारली होती. ज्यांनी तो वाघ कधी पाहिलाही नाही अशा शेकडो माणसांनी ते महिने काढले. सरपणाला जायचे, गुरे चारायला न्यायची, धानाच्या शेतात रानडुकरे शिरू नयेत म्हणून रात्री जागल करायची, आणि प्रत्येक वेळी झुडूप हलले की दचकायचे. वाघ दिसला असता तर शरीराची तयारी झाली असती, वापरली गेली असती आणि संपली असती. न दिसलेल्या वाघाबाबत तयारी होते, पण ती वापरली जात नाही आणि संपतही नाही. वाइस यांच्या दुसऱ्या उंदराची स्थिती यापेक्षा फार वेगळी नव्हती. त्यात जागलीमुळे झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेने कॉर्टिसॉलचा रोजचा चढउतार, जो पहाटे सर्वांत वर आणि रात्री सर्वांत खाली असतो, तोही बिघडतो.

अशा ताणावर आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे खर्रा. ‘डोके शांत होते’ असे खाणारा सांगतो. वास्तविक निकोटिन अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रेनॅलिन सोडायला लावते, ठोके आणि रक्तदाब वाढवते. शांत वाटते ते मुख्यतः तलफ भागल्यामुळे. ताणावर तंबाखू हा उतारा आहे, ही समजूत पसरवण्यात तंबाखू उद्योगाचाही हात होता. या उद्योगाने सेल्ये यांच्या संशोधनाला पैसा पुरवला होता, हे पुढे उघड झालेल्या कंपन्यांच्या अंतर्गत कागदपत्रांतून समोर आले. थोर शास्त्रज्ञाचे नाव घेऊन केलेला दावाही तपासून घ्यावा लागतो, तो यासाठी.

खरा उतारा वाइस यांच्या पहिल्या उंदराकडे आहे. तो म्हणजे भरवशाची सूचना. ताडोब्याच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठ येथे २०२३ मध्ये वाघ गावाकडे येताना टिपून संदेश पाठवणारे कॅमेरे बसवले गेले. गावोगावच्या तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलेही माहिती पोहोचवतात. यांचा पहिला उद्देश हल्ला टाळणे हाच आहे. पण सूचना विश्वासार्ह असेल तर सूचना नसलेला दिवस निर्धास्तपणे जातो, आणि हाही आरोग्याचा लाभ आहे. उलट, खोट्या अफवा तो लाभ हिरावून घेतात. सोबतीचेही तसेच. घोळक्याने जंगलात जाणे सुरक्षित तर असतेच, शिवाय जवळच्यांचा आधार ताणाचा प्रतिसाद सौम्य करतो, हे माणसांत आणि माकडांत दोन्हीकडे दिसले आहे.

वाघही या नियमाला अपवाद नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी शेजारच्या मध्य प्रदेशातील कान्हा आणि बांधवगड येथील वाघांच्या विष्ठेतून ताणाच्या संप्रेरकांचे अवशेष मोजले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पर्यटनाच्या हंगामात ते प्रमाण जास्त आढळले. माणसासाठी याहून सोपा मार्ग आहे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात आणि कॉर्टिसॉल त्यांत साठत जाते. मुळापासूनच्या तीन सेंटिमीटर केसांत मागच्या तीन महिन्यांची नोंद सापडते. वाघाच्या हल्ल्यात मेलेल्यांची मोजणी होते, भरपाईही दिली जाते. वाचलेल्यांनी सोसलेल्या भाराचे मोजमापही आता शक्य आहे.

वर्गात काय करता येईल?

प्रत्येक विद्यार्थ्याने शांत बसून मनगटाची नाडी १५ सेकंद मोजावी आणि चारने गुणावे. मग शिक्षकांनी जाहीर करावे की आता कोणाही एकाला उभे करून प्रश्न विचारला जाईल. एक मिनिट थांबून सर्वांनी पुन्हा नाडी मोजावी. प्रश्न एकालाच विचारायचा असला तरी अनेकांची नाडी वाढलेली आढळेल. पुढच्या वेळी ज्याला प्रश्न विचारायचा त्याचे नाव आधीच सांगावे आणि इतरांच्या नाडीत काय फरक पडतो ते पाहावे. न दिसलेल्या वाघाचा हा निरुपद्रवी प्रयोग आहे. यात कोणाला रागावू नये किंवा अपमानित करू नये, हे सांगायला नकोच.

यातून शिक्षकांनी आपल्यासाठीही काही घ्यावे. थोडा, थोड्या वेळाचा ताण लक्ष एकाग्र करतो आणि त्या वेळी शिकलेले चांगले लक्षात राहते. पण कॉर्टिसॉल चढलेले असताना आधी पाठ झालेले आठवणे अवघड जाते. परीक्षेत येत असलेले उत्तर घरी पोहोचल्यावर सुचते ते यामुळेच. आणि ज्या मुलाच्या घरी रात्रभर जागल झाली आहे, ज्याची आई पहाटे जंगलात गेली आहे आणि अजून परतलेली नाही, ते मूल शेवटच्या बाकावर बसून काही लक्षात ठेवू शकत नसेल, तर त्याला ‘ढ’ म्हणण्यापूर्वी त्याच्या हिप्पोकॅम्पसचा विचार करावा. त्याचे शरीर एका न दिसलेल्या वाघाशी सकाळपासून झुंजत आहे. आई घरी आल्याचे कळले की हेच मूल मधल्या सुट्टीनंतर नीट शिकू लागते का, हे निरीक्षण कोणताही शिक्षक करू शकेल.